कोंबडीखत : वाळलं म्हणजे कुजलं नव्हे

नर्सरीतून आणलेल्या गोणीतलं कोंबडीखत हाताला कोरडं लागतं, भुगा होऊन सुटतं, वासही फारसा येत नाही. 'चला, तयार खत आहे' असं म्हणून लोक ते थेट कुंडीत टाकतात. थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपतात आणि दोष जातो उन्हाला. या खताबद्दलच्या गैरसमजांत हा सगळ्यांत महागात पडणारा.

कोंबडी वेगळी लघवी करत नाही. अंगातलं नको असलेलं नत्र ती युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच टाकते; विष्ठेवर दिसणारा पांढरा भाग तो हाच. ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. विष्ठा उन्हात वाळवली की हे काम नुसतं थांबतं. कुंडीला पाणी घातलं की ते पुन्हा सुरू होतं, आणि आता अगदी मुळांच्या शेजारी. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ चिंचा नावाची बेटं आहेत. तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर शतकानुशतकं आपलं नत्र धरून राहिले. 19व्या शतकात हा 'ग्वानो' जहाजं भरभरून युरोपातल्या शेतांत गेला. विष्ठा कोरडी राहिली तर जुनी होऊनही तिचा जोर कसा टिकतो, हे त्यावरून कळावं.

'कोंबडीखत गरम असतं, पाणी मारून थंड करावं' हेही नेहमी ऐकू येतं. रोप होरपळतं ते मुख्यतः अमोनिया आणि क्षारांमुळे. पाण्याने ढीग तेवढ्यापुरता निवतो, पण आतलं कुजणं संपलेलं नसतं. खरं तर ढीग आधी चांगला तापायलाच हवा. 55 ते 65 अंश सेल्सिअसला काही दिवस राहिला, खालीवर करताना बाहेरचा भाग आत गेला, तर साल्मोनेलासारखे जंतू मरतात. नीट कुजण्यासाठी कार्बन आणि नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 असावं लागतं. निव्वळ विष्ठेत ते साधारण 10 ला 1, किंवा त्याहूनही कमी. म्हणून सुका पालापाचोळा, उसाचं पाचट किंवा भुसा विष्ठेच्या दुप्पट-तिप्पट मिसळावा. ब्रॉयलरच्या शेडमधल्या खतात भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा आधीच असतो, तिथे कमी पुरतं. मुठीत दाबल्यावर तळवा ओलसर व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा आणि ढीग पावसापासून झाका. दोन-तीन महिन्यांनी तो तापायचा थांबला की त्यातलं थोडं मातीत मिसळून मेथी किंवा अळीव पेरून पाहावं. रोपं पिवळी न पडता वर आली, तर खत तयार.

वास मारायला ढिगात चुना किंवा चुलीतली राख टाकण्याची सवय मात्र सोडाच. दोन्ही अल्कधर्मी, आणि अल्कधर्मी ढिगातून अमोनिया आणखी जोरात उडतो. ज्यासाठी खत आणलं ते नत्र हवेत जातं, वर नाक झोंबतं ते वेगळंच.

'शेणखत घालतो तेवढंच घालायचं' असं म्हणणाऱ्यांनी थोडा हिशेब करावा. शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का, कोंबडीखतात सुमारे 3 टक्के. 10 किलो शेणखतातून 50 ग्रॅम नत्र मिळतं, तेवढ्याच कोंबडीखतातून 300 ग्रॅम. वाफ्याला चौरस मीटरमागे किलोभर कुजलेलं खत पुष्कळ झालं. मिरची-टोमॅटोला जादा नत्र दिलं की झाड पानांनी डवरतं आणि फळाला मागे पडतं.

'नैसर्गिक आहे, जास्त झालं तरी काय बिघडतं?' बिघडतं. दरवर्षी भरपूर घातलं की स्फुरद जमिनीत साठत जातं आणि झाडाला जस्त मिळेनासं होतं. अंड्यांच्या कोंबड्यांना कवचासाठी खाद्यातून चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा देतात. त्यांच्या खतातून बराच चुना जमिनीत उतरतो. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह-जस्ताची मारामार आधीच असते. तिथे पानं पिवळी दिसली म्हणून आणखी कोंबडीखत घालणं म्हणजे रोगालाच खुराक.

राहिला प्रश्न कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांचा. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, खायचा भाग मातीला लागत असेल तर न कुजवलेलं खत काढणीच्या किमान 120 दिवस आधी मातीत मिसळावं लागतं. लागत नसेल तर 90 दिवस. आपली कोथिंबीर पेरल्यापासून दीड महिन्यात ताटात येते. त्यामुळे पेरणीच्या वेळी कच्चं खत घातलेल्या वाफ्यातली कोथिंबीर या हिशेबात बसूच शकत नाही. मुळा आणि पालकाचंही तेच. या वाफ्यांना पूर्ण कुजलेलंच खत द्या. हाताशी नसेल, तर त्या खेपेला शेणाचं गांडूळखत चालेल.