कृत्रिम क्षितिज : आरसा कोणता घ्यावा?

जमिनीवर समुद्राची रेघ दिसत नाही. म्हणून सूर्य आणि आडव्या पृष्ठभागातले त्याचे प्रतिबिंब यांच्यातला कोन सेक्स्टंटने मोजायचा, तो उन्नतांशाच्या दुप्पट भरतो, हे मागील लेखांकात आले. आता प्रश्न त्या पृष्ठभागाचा. घेणारा साहजिकच सर्वांत लखलखीत आरसा उचलतो. माझ्या मते निवड दुसऱ्या टोकाने सुरू करावी. आधी सपाटी आणि समतलता, मग एकच परावर्तक पृष्ठ, आणि उजेडाचा विचार सर्वांत शेवटी.

यावर नेहमीचा आक्षेप असा की कोन निम्मा करताना चूकही निम्मी होते, मग एवढा काटेकोरपणा कशाला? सेक्स्टंट वाचताना झालेली चूक खरोखरच निम्मी होते, पण आरसा तिरका असल्याची चूक होत नाही. आरसा सूर्याच्या दिशेने एक कला झुकला तर मोजलेला कोन दोन कलांनी बदलतो आणि निम्मा केल्यावरही एक कला उरतेच. ती एक कला म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. गवंड्याची स्पिरिट लेव्हल साधारणपणे मीटरला अर्धा मिलिमीटर इतकी अचूक असते. म्हणजे पावणेदोन कला, तीन किलोमीटरांहून जास्त. यंत्रे बसवणाऱ्या फिटरची मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लेव्हल हीच चूक चार विकलांवर आणते. तेव्हा पैसे आधी लेव्हलवर घालावेत. काच जाड घ्यावी आणि तीन टेकूंवर ठेवावी. पातळ काच वाकते.

घरच्या आरशात समोरच्या पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परततो, बराचसा उरलेला मागच्या मुलाम्यावरून. दोन्ही पृष्ठे समांतर असतील तर दूरच्या सूर्याच्या दोन्ही प्रतिमा एकाच दिशेला दिसतात. पण पृष्ठांमध्ये एका कलेचाही कोन असेल तर त्या किमान तीन कलांनी फुटतात. काळ्या काचेत मागची प्रतिमाच नसते आणि सूर्याला चार टक्के पुष्कळ झाले (डोळ्यापुढे गडद काच तरीही हवीच). ताऱ्याचे मात्र वेगळे. चार टक्के म्हणजे साडेतीन प्रतींची घट, आणि मोजके ठळक तारे सोडले तर हाती काही लागत नाही. अमेरिकी शोधप्रवासी मेरिवेदर लुईस याने २२ जुलै १८०४ रोजी आपल्या मोहिमेतल्या उपकरणांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात तीन कृत्रिम क्षितिजे आहेत: एक पाण्याचे, दुसरे फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट पॅटरसन यांनी सुचवलेले एकाच परावर्तक पृष्ठाच्या काचेचे, आणि तिसरे सेक्स्टंटच्या आरशाचे. तिसऱ्यात दोन्ही पृष्ठांवरून प्रकाश येऊन प्रतिमा उजळ दिसते, म्हणून ताऱ्यांसाठी तो बहुधा तेच वापरी. म्हणजे लखलखाट त्यानेही अंधारासाठीच राखून ठेवला होता.

मग आरसा हवाच कशाला, द्रव आपोआप समतल होतो, असे कोणी म्हणेल. वारा नसेल तर हे म्हणणे बिनतोड आहे. पारा विषारी आहे, तो टाळावा. ताटलीत तेल किंवा काकवी चालते. पण झुळूक आली की पृष्ठभाग थरथरतो, आणि आरशाची खरी जागा तिथे आहे. शांत दिवशी द्रवाशी ताडून आरशाची चूक आधी ठरवून घ्यावी. आणि काच विकत घेण्यापूर्वी तिच्यात दूरच्या दिव्याचे प्रतिबिंब तिरक्या नजरेने पाहा. दोन दिवे दिसले तर ती घेऊ नका.