मूर्ती कोणाच्या हातची?

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे या गावांतून भर वैशाखात फेरफटका मारला, तर अंगणात, ओटीवर, मांडवाखाली पांढऱ्या गणेशमूर्तींच्या रांगाच रांगा दिसतात. या परिसरातून दरवर्षी लाखो मूर्ती बाहेर पडतात. काही मुंबई-पुण्यास, तर काही थेट समुद्रापलीकडे. त्या घडविणारे सारेच मूर्तिकार असतात, अशी कोणाची समजूत असेल तर ती खरी नव्हे. शेतीतून मोकळा झालेला गडी, घरचे उरकून आलेली गृहिणी, सुट्टीतला विद्यार्थी यांचेही हात तेथे राबत असतात. कोणी साच्यात माल ओततो, कोणी सांधे घासतो, कोणी केवळ पीतांबर रंगवितो. डोळ्यांची आखणी मात्र कसलेल्या हातासाठी राखून ठेवलेली असते.

ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचा दाखला दिला. काम अठरा क्रियांत विभागले, की दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करू शकतात. वर्गात हा भाग शिकविताना मला टाचणीपेक्षा पेणची मूर्तीच सोयीची वाटते. आयुष्यभर एक-दोन सोप्या क्रियाच करीत राहणाऱ्या माणसाची बुद्धी मंदावते, असा इशाराही स्मिथने त्याच ग्रंथात पुढे दिला आहे. परीक्षेत तो विचारला जात नसल्याने बहुधा कोणी वाचीत नाही.

सार्वजनिक कलेत कलावंत नसलेल्यांनाही सामील करून घ्यावे, असा विचार अलीकडे पुष्कळ मांडला जातो. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ एक प्रचंड गोधडी अंथरण्यात आली. तिचे १,९२० तुकडे शिवणारे बहुतेक जण मृतांचे आप्त वा मित्र होते. सफाई नसेल, पण कोणते कापड, कोणता रंग, नाव कसे लिहायचे, हे त्यांनी स्वतः ठरविले होते. हमरापूरची रंगकाम करणारी बाई त्यांच्याहून कितीतरी सफाईदार असते, परंतु पीतांबराचा रंग ठरविणारी ती नसते. हात लागणे आणि सहभागी होणे यांत हे एवढे अंतर आहे.

वर्गणीदाराची स्थिती तरी काय वेगळी? लोकमान्यांनी १८९३ मध्ये ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यातील मूर्तीशी सार्वजनिकांचा संबंध आता पावतीपुरता उरला आहे. कारखान्यात जाऊन ‘लालबाग’ की ‘दगडूशेठ’ एवढे सांगितले, की कलाविषयक निर्णय संपला! माझ्या लहानपणी रोह्यात आम्ही पाट नेऊन ठेवीत असू आणि मग रोज शाळा सुटली की तिकडेच. मूर्तिकार काका उरलेल्या शाडूचा गोळा हाती देऊन उंदीर करावयास सांगत. माझा उंदीर घुशीएवढा झाला होता. तरी तो आमच्या पाटावर बसला.

रोह्यातील एखाद्या सार्वजनिक मंडळाने पेणहून मूर्ती आणण्याऐवजी मूर्तिकारच आणावा, असे मला सुचवावयाचे आहे. यात भावनेइतकाच हिशेबही आहे. प्लास्टर काही मिनिटांत आळते. साचा पुन्हा पुन्हा फिरतो, म्हणजेच भांडवल फिरते. शाडू वाळण्यास अनेक दिवस लागतात, घाई केली तर तडा जातो, आणि वजन व फूट यांमुळे तो दूर नेणे परवडत नाही. मूर्ती बसावयाची तेथेच घडविली, तर वाहतूक व फूट हे दोन्ही खर्च जवळजवळ नाहीसे होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरला मनाई केली. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा दिली, पण परवानगीविना नैसर्गिक जलाशयात विसर्जन न करण्याच्या अटीवर. अशा अनिश्चिततेत कारागिराला दुसरे उत्पन्न मिळणे उपकारकच ठरेल.

फुकटचे हात आले की मजुराची मजुरी जाते, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. म्हणूनच मूर्तीसाठी जेवढी रक्कम बाजूला काढली असेल, तेवढी संपूर्ण रक्कम शिकविण्याचे मानधन म्हणून दिली पाहिजे, आणि मूर्तिकाराबरोबर रंगकाम करणारी एक बाईही सन्मानाने बोलाविली पाहिजे. मातीच्या पहिल्या गोळ्यापासून आखणीपर्यंत एक मूर्ती तिच्याही डोळ्यांसमोर उभी राहील.

मूर्ती ओबडधोबड होईल, ही तक्रार त्या मानाने किरकोळ आहे. अडचण आहे ती वेळेची. पावसात शाडू लवकर वाळत नाही. तेव्हा माती मळण्यास वैशाखातच आरंभ व्हावयास हवा, आणि आपल्या मंडळांची पहिली बैठक भरते ती आषाढात!