जूनमध्ये लागणारे पैसे

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. त्याच सुमारास पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबांचे हिशेब झालेले असतात. दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याण, वाड्याकडे ‘जगायला’ गेलेली माणसं पावसाच्या तोंडावर घरी येतात. जाताना घेतलेली उचल आणि हंगामभराची खर्ची कापून मालकाने जे हातावर ठेवलं, त्यात बियाणं, घराची डागडुजी आणि आवणी होईपर्यंतचं धान्य भागवायचं असतं. भात, नागली, वरई हाती यायला दसरा-दिवाळी उजाडते. जून ते सप्टेंबर या काळात घरात रोकड जवळजवळ नसते, आणि कॉलेजला पैसे लागतात ते नेमके तेव्हाच.

आदिवासी विद्यार्थ्यासाठी योजना नाहीत, ही तक्रार खरी नाही. योजना बऱ्याच आहेत, त्यांतल्या काही चांगल्या विचाराने आखलेल्या आहेत. पण त्यांतला बहुतेक पैसा प्रवेश झाल्यावर, कागद पुरे झाल्यावर आणि अर्ज दोन-तीन टेबलांवरून पुढे सरकल्यावर मिळतो. मुलाला तो त्याआधी हवा असतो. पैसा आणि गरज यांच्यामधले हे चार-सहा महिने कोण निभावतं, यावर त्याचं शिक्षण ठरतं. गुणांवर ते फार कमी वेळा ठरतं, असं माझं मत झालं आहे.

२०११च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. दर दहा माणसांत नऊच्या आसपास आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९२-९३ साली वावर-वांगणीत बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून या भागाचं नाव वर्तमानपत्रांत कुपोषणाच्याच बातमीत येत राहिलं. आज तिथे आश्रमशाळा आहेत, जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचं महाविद्यालय आहे. बारावी झालेली मुलं-मुली आता पाड्यापाड्यावर सापडतात. त्यांतल्या बहुतेकांच्या घरात याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही.

शिष्यवृत्तीचे आकडे पाहू. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही या मुलांची सगळ्यात जुनी आणि मोठी मदत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भागतं, ही फार मोठी गोष्ट आहे. ती नसती तर ही मुलं कॉलेजात दिसलीच नसती. शुल्काखेरीज निर्वाह भत्ता मिळतो. २०१०मध्ये ठरलेल्या दरांनुसार अकरावी-बारावीत घरून ये-जा करणाऱ्याला महिना २३० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ३८०. बी.ए., बी.कॉम.ला हेच आकडे ३०० आणि ५७०. वैद्यकीय-अभियांत्रिकीला ५५० आणि १,२००. तीनशे रुपयांत महिनाभराचा एसटीचा पास, वह्या, झेरॉक्स आणि मोबाइलचं रिचार्ज बसवून दाखवावं.

एसटीचंच पाहा. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो. बारावी संपली की तो थांबतो. सवलतीचा पास मिळतो, पण फुकट आणि सवलतीचा यांत जे अंतर आहे, तेवढ्यावर मुलीला घरी बसवायचा निर्णय होऊ शकतो. त्यातून पावसाळ्यात घाटात दरड आली की गाडी येत नाही.

नाशिक, ठाणे किंवा मुंबईला जायचं तर प्रश्न राहण्या-जेवण्याचा. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, पण मागणीच्या मानाने जागा कमी. ज्यांना जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आली. मूळ दरांप्रमाणे मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये. योजनेची कल्पना नामी आहे: जागा नाही म्हणून मुलगा परत पाठवायचा नाही, त्याला खोली घ्यायला पैसे द्यायचे. पण साठ हजारांची फोड केली की त्यात निवासासाठी २० हजार येतात. दहा महिने धरले तर महिना दोन हजार. मुंबईत दोन हजारांत खाट कुठे मिळते? मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ बांधलेलं मध्य वैतरणा धरण मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देतं. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याला जातात. अशा तालुक्यातून शिकायला आलेल्या पोराला मुंबईने एक खाट द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रक्कम किती, याइतकंच ती कधी आणि कशी येते हे महत्त्वाचं. २०१८मध्ये सरकारने वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं ठरवलं, तेव्हा आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. शहरातल्या अनेकांना ते कळलं नाही. हातात रोख मिळते तर तक्रार कसली? ज्याच्या घरून पैसे येतात, त्याला हप्ता महिनाभर लांबला तर फरक पडत नाही. ज्याच्या घरून येत नाहीत, त्याची त्या महिन्यात उपासमार होते. शिजलेलं जेवण लांबणीवर पडत नाही.

आता कागद. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक. यातलं एकेक काही अवघड नाही. पण प्रवेश परीक्षांच्या फॉर्मचा मोठा भाग हिवाळ्यात येतो आणि तेव्हा आई-बाप भट्टीवर असतात. फॉर्म भरायचा मोखाड्याच्या ई-सेवा केंद्रात आणि आधारला जोडलेला मोबाइल बापाच्या खिशात, भिवंडीला. ओटीपी तिथे जातो. बाप चिखल कालवत असतो, त्याला तो वाचून दाखवणारं कुणी सापडेपर्यंत मुदत संपते आणि केंद्रातला माणूस सांगतो, उद्या ये. उद्या म्हणजे पुन्हा एसटीचं भाडं.

पैसे मंजूर झाले तरी वाट संपत नाही. थेट हस्तांतरणाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. कधी सिमकार्ड घेताना, कधी बाजारात छत्रीखाली बसलेल्या एजंटाकडे अंगठा दिला असताना दुसरंच खातं उघडलेलं असतं, ते आधारला जोडलेलं असतं आणि मुलाला पत्ता नसतो. तो आपल्या पासबुकावर नोंद करून घ्यायला बँकेत जात राहतो. शिष्यवृत्ती आलेली असते, पण त्या दुसऱ्या खात्यात.

सगळ्यात जड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर ते हवंच. ही तपासणी उगीच आलेली नाही. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा बळकावल्या जात होत्या. वैद्यकीय प्रवेशासाठी केलेल्या महादेव कोळी असल्याच्या एका खोट्या दाव्यावरच सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तपासणी समित्यांची रीत घालून दिली, आणि महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. कायदा आदिवासींच्या रक्षणासाठी आहे. पण त्याचा काच खऱ्या आदिवासीलाही बसतो, आणि तो ज्याच्या घरात शिक्षण नवं त्याला जास्त. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरली जाते. त्याआधीचा पुरावा सगळ्यात वजनदार. १९५०च्या आधी कुणाच्या आजोबांच्या नावाची शाळेत नोंद असणार? जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान होतं, ते १९४८मध्ये विलीन झालं. शेजारच्या उंबरगाव-डहाणूत १९४५ साली गोदूताई आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वारली उठले, ते वेठबिगार आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध. लग्नाच्या कर्जापायी बायकोसकट सावकाराकडे राबणाऱ्या माणसाच्या नातवाकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागितला जातो. कातकऱ्याकडे तर बहुधा जमिनीचा उताराही नसतो.

मार्च २०२३मध्ये ठाकूर जमातीच्या एका समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आप्तभाव चाचणी, म्हणजे चालीरीती आणि दैवतांवरचे प्रश्न, ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल तर तिला मोठं वजन आहे. फार चांगला निकाल. पण त्याचा फायदा घरातल्या दुसऱ्याला होतो. पहिल्याने सगळं एकट्यानेच ओढायचं असतं.

अशा वेळी माणूस लागतो. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना सयाजीराव गायकवाडांचं नाव आपण घेतो, आणि ते घ्यायलाच हवं. एल्फिन्स्टनमध्ये असताना महिना पंचवीस रुपये, आणि १९१३पासून कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड. त्यात राहणं-खाणं धरलेलं होतं. नुसती फी भरून त्यांना न्यूयॉर्कला सोडलं नव्हतं. पण महाराजांपर्यंत त्यांना नेलं कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी. मुलगा वाचतो आहे हे ज्यांनी पाहिलं, त्याला पुस्तक दिलं, आणि दाराशी जाऊन त्याच्यासाठी शब्द टाकला, ते केळुसकर. जव्हार-मोखाड्यात आज सयाजीरावांची जागा, कमी-अधिक प्रमाणात, सरकारने घेतलेली आहे. केळुसकरांची जागा रिकामी आहे.

ती भरण्याचे प्रयत्न झालेले आहेत. ठाण्यात भाऊ नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये विद्यादान सहायक मंडळ सुरू केलं. गरीब आणि हुशार मुलांच्या फीला तिथे मदत मिळतेच, शिवाय कार्यकर्ता मुलाशी जोडलेला असतो. तो फोन करतो, भेटतो, निकाल विचारतो. मोखाड्यात निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या पुढाकाराने २००६पासून आरोहन काम करते, जव्हारला १९७२पासून प्रगती प्रतिष्ठान आहे. हे सगळं मोलाचं आहे, पण सरकारी यंत्रणेतही असा माणूस नेमता येईल. प्रत्येक आश्रमशाळेतल्या आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या अकरावीच्या मुलांची यादी आदिवासी विकास विभागाच्या जव्हारमधल्या प्रकल्प कार्यालयाला मागवता येते. वैधतेचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच, शाळेमार्फत जायला हवा. त्यासाठी शिबिर घ्यायचं ते दिवाळीच्या आधी, आई-बाप पाड्यावर असताना. त्याच शिबिरात आधारला कुठलं खातं जोडलं आहे ते तपासायचं आणि मोबाइल नंबर मुलाचा करून द्यायचा. यातल्या कशालाही नवी योजना लागत नाही.

आणि देणाऱ्यांसाठी. दिवाळीत फराळ आणि कपडे घेऊन मुंबई-नाशिकच्या गाड्या या पाड्यांवर येतात. त्यांतल्या मंडळांनी जूनसाठी एक फिरता निधी उभा करावा. प्रवेशाचे सुरुवातीचे पैसे, खोलीची अनामत, पहिल्या दोन महिन्यांची खानावळ, एवढंच त्यातून बिनव्याजी द्यायचं. स्वयमचा किंवा शिष्यवृत्तीचा हप्ता जमा झाला की मुलाने जमेल तसं परत करायचं. ते पैसे पुढच्या जूनला दुसऱ्याला. ज्याचा हप्ता आलाच नाही, त्याच्याकडे वसुलीला जायचं नाही, त्याच्यासोबत प्रकल्प कार्यालयात जाऊन हप्ता कुठे अडकला ते शोधायचं.