आधी विचारा, मग द्या

मुलांनो, घरात राहणाऱ्या माणसांची मोजणी करणे सोपे असते. जनगणनेचे कर्मचारी दार वाजवतात, माहिती विचारतात आणि लिहून घेतात. पण ज्यांना दारच नाही, त्यांची मोजणी कशी करायची? २०११ च्या जनगणनेत त्यासाठी एक रात्र ठरवली होती. २८ फेब्रुवारीच्या त्या रात्री कर्मचारी फुटपाथवर, रेल्वे स्थानकांवर आणि पुलांखाली गेले. तेथे मुक्कामाला असलेल्या माणसांची त्यांनी नोंद केली. तेव्हा भारतात सुमारे १७ लाख ७३ हजार लोक बेघर आढळले. त्यांपैकी ५७ हजारांहून अधिक लोक एकट्या मुंबईत होते.

हे लोक रिकामे बसून राहतात, असे काहींना वाटते. ते खरे नाही. त्यांच्यापैकी कोणी बाजारात हमाली करतो, कोणी इमारतीच्या बांधकामावर विटा वाहतो, कोणी कागद-भंगार वेचतो. मिळणाऱ्या मजुरीत मुंबईतील खोलीचे भाडे व अनामत रक्कम भागत नाही. लांब राहायला गेले तर काम सुटते. म्हणून ते कामाच्या जवळच पथारी पसरतात. काही जण आजारी माणसाला घेऊन आलेले असतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगावरील उपचारांसाठी देशभरातून रुग्ण येतात. धर्मशाळेत जागा मिळाली नाही, तर काही कुटुंबांना फुटपाथवरच दिवस काढावे लागतात.

अशा लोकांना आपण काय देऊ शकतो? हा प्रश्न मला एका आजींनी नीट समजावून दिला.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या नववीच्या मुलामुलींनी घरोघरी फिरून जुने कपडे गोळा केले. चार मोठी गाठोडी झाली. ती घेऊन आम्ही शाळेजवळच्या फुटपाथवर गेलो. तेथे राहणाऱ्या एका आजींनी कपड्यांना हातसुद्धा लावला नाही. एका विद्यार्थिनीने विचारले, “आजी, कपडे आवडले नाहीत का?”

आजी म्हणाल्या, “कपडे चांगले आहेत, पोरी. पण ते धुवायला पाणी कुठे आहे? वाळत कुठे घालू? पाऊस आला की सगळे भिजेल. द्यायचेच असेल तर प्लॅस्टिकचा एक कागद दे.”

मला शरम वाटली. देण्याआधी विचारावे, हे मी मुलांना शिकवलेच नव्हते. मी पुढे होऊन विचारले, “आजी, आणखी काय हवे?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मला डोळे दाखवायला दवाखान्यात जायचे आहे. पण सामान सोडून कशी जाऊ? तासभर कोणी इथे बसेल का?”

दुसऱ्या दिवशी मुलांनी खाऊचे पैसे जमवून एक ताडपत्री आणली. शाळा सुटल्यावर दोन मुली आणि मी आजींच्या सामानाजवळ बसलो. आजी डोळे तपासून आल्या. आमच्या चार गाठोड्यांनी जे काम झाले नाही, ते एका तासाने झाले.

मुलांनो, लहान मदत म्हणजे कमी किमतीची मदत नव्हे. अनेक सार्वजनिक शौचालयांत पैसे द्यावे लागतात. तेवढी सुटी नाणीही एखाद्या बाईच्या उपयोगी पडतात. उन्हाळ्यात पाण्याची बाटली, पावसाळ्यात ताडपत्री, साबणाची एक वडी, या गोष्टी कामाच्या आहेत. अन्न द्यायचे तर ताजे द्या. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली ‘रोटी बँक’ सुरू केली. लग्नसमारंभात उरलेले चांगले अन्न वाया जाऊ न देता भुकेल्यांपर्यंत पोहोचवणे, ही तिची साधी कल्पना होती.

आणखी एक मदत तुम्ही करू शकता. आपल्या राज्यात अनेक सरकारी अर्ज मराठीत असतात. शिधापत्रिकेचा अर्ज ज्याला वाचता येत नाही, त्याला तो वाचून दाखवा. मराठी शिकण्याचा हा मोठा फायदा आहे. स्थानकावर एकटे, घाबरलेले मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली आणि तिला पैसे लागत नाहीत. मात्र मदतीला जाताना मोठ्या माणसाला सोबत घ्या. झोपलेल्याला उठवू नका.

आपल्या मदतीने कोणाला घर मिळणार नाही, हेही खरे आहे. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. २०११ मध्ये मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे अजून झालेले नाहीत. ते काम सरकारचे व महानगरपालिकेचे आहे आणि त्याची आठवण करून देणे हे नागरिकांचे काम आहे.

पण ते होईपर्यंत पाऊस थांबत नाही. म्हणून उद्या शाळेत येताना त्या माणसाजवळ क्षणभर थांबा. सलाम करा, नमस्कार करा आणि विचारा, “तुम्हांला काय हवे आहे?” असे विचारणे हीच पहिली मदत आहे.