बंदिवानांची मुले

भायखळ्याच्या किंवा येरवड्याच्या स्त्रियांच्या तुरुंगात अडीच वर्षांची एखादी मुलगी दिसली, तर ती तेथे कोणत्या कलमाखाली आली असे कोणी विचारीत नाही. ती आईच्या कडेवर आलेली असते. आपल्या देशात सहा वर्षे पुरी होईपर्यंत मुलाला बंदिवान आईजवळ राहता येते, आणि सन २०२२ च्या अखेरीस अशी सतराशेंहून अधिक मुले निरनिराळ्या तुरुंगांत होती. याहून कितीतरी पट मुलांचे वडील अथवा आई आत, आणि ती स्वतः बाहेर, अशी स्थिती आहे. तुरुंगांच्या वार्षिक आकडेवारीत त्यांच्यासाठी रकानाच नाही.

आतल्या मुलांचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी, आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्याच्या निकालात, मोठ्या बारकाईने केला आहे. मूल हे कैदी नव्हे, हे त्या निकालाचे सूत्र होय. बाळंतपण होता होईल तो तुरुंगाबाहेर व्हावे. आत झालेच, तर जन्माच्या नोंदीत तुरुंगाचा उल्लेख न येता केवळ त्या वस्तीचा पत्ता यावा. तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आणि पुढे सहा वर्षांपर्यंत बालवाडी असावी, व ती शक्यतो तुरुंगाच्या आवाराबाहेर चालवावी. हा शेवटचा आग्रह अनाठायी नाही. आत वाढणाऱ्या मुलांविषयीचे जे निरीक्षण त्या निकालपत्रात उद्धृत केले आहे, ते वाचून मन चरकते. या मुलांना घर म्हणजे काय हे ठाऊक नसते. अधिकार चालविणारा पुरुष म्हणजे पोलीस किंवा तुरुंगाचा शिपाई, एवढीच त्यांची ओळख. रस्त्यावरची जनावरे पाहून ती घाबरतात. केवळ स्त्रियांतच वाढल्यामुळे काही मुलगे स्वतःविषयी बोलताना स्त्रीलिंगी क्रियापदे वापरतात. व्याकरणाची ही चूक कोणत्याही शाळामास्तराने छडी मारून सुधारण्याजोगी नव्हे!

मग सहावा वाढदिवस येतो. इतर घरांत त्या दिवशी औक्षण होते. येथे ताटातूट होते. आईच्या इच्छेप्रमाणे मूल एखाद्या आप्ताकडे किंवा समाजकल्याण खात्याच्या संस्थेत जाते. संस्था शक्यतो त्याच गावातील असावी आणि मायलेकरांची भेट आठवड्यातून एकदा तरी घडावी, असे न्यायालयाने सांगितले आहे. कागदावर ही तरतूद सुबक आहे; परंतु आजी कोकणात आणि आई मुंबईच्या तुरुंगात असेल, तर आठवड्याची भेट एस.टी.च्या भाड्यापाशीच अडते.

बाहेरच्या मुलांची कथा निराळी. मिळवता बाप पकडला गेला की घरातील पैसा वकिलाकडे वळतो, बिऱ्हाड मोडते आणि मूल आजोळी पाठविले जाते. तेथील शाळा जुन्या शाळेचा दाखला मागते, तो आणण्यास कोणी नसते, आणि वर्ष वाया जाते. वस्तुतः सन २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखल्यास विलंब झाला किंवा वयाचा पुरावा नसला, एवढ्या कारणाने सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. एवढी गोष्ट ज्या सुशिक्षित गृहिणीला ठाऊक असेल, तिने आपल्या मोलकरणीबरोबर शाळेपर्यंत चार पावले गेले, तरी एका मुलाचे वर्ष वाचते.

पैशाच्या वाटाही आहेत. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे अर्ज केल्यास ‘मिशन वात्सल्य’ योजनेतून पात्र मुलाला दरमहा चार हजार रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते. राजस्थानात सन २००५ मध्ये सुरू झालेली ‘पालनहार’ योजना जन्मठेप झालेल्यांच्या मुलांनाही लागू आहे. मूल अंगणवाडीत अथवा शाळेत गेलेच पाहिजे, ही तिची अट शहाणपणाची आहे. येरवड्यास सन २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ या नावाने बंद्यांना पन्नास हजारांपर्यंत कर्ज देण्यास प्रारंभ केला. तुरुंगातील मजुरीतून ते फेडावयाचे आणि कुटुंबाच्या गरजा भागवावयाच्या, अशी ती योजना आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांमध्ये व त्यांच्या कुटुंबांमध्ये काम करीत आला आहे.

तथापि सर्वांत अवघड प्रश्न पैशाचा नाही. मुलाला सांगावयाचे काय, हा आहे. “बाबा दुबईला गेले” असे घरोघर सांगितले जाते, आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातला एखादा सवंगडी खरे काय ते सांगून टाकतो. त्या दिवसापासून मूल बापावर नव्हे, तर घरातील सर्वांवरच अविश्वास धरते. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, शासनाने स्थानबद्ध केलेल्या आईबापांचा ठावठिकाणा कळण्याचा मुलाला हक्क आहे. त्याला अपाय होणार असेल तरच तो रोखावा. वयाला झेपेल इतकेच, परंतु खरे सांगावे, हेच बरे. शिवाय, सांगावयाचे तरी काय असते? सन २०२२ मध्ये भारतातील दर चार बंद्यांपैकी तीन न्यायाधीन होते, म्हणजे त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. न्यायालयाने अद्याप न दिलेला निकाल शेजारपाजारच्या मंडळींनी त्यांच्या मुलांविरुद्ध मात्र केव्हाच दिलेला असतो.

भेट मुलाला सोसवेल काय, अशी शंका पुष्कळांना येते. गजांपलीकडची किंवा काचेपलीकडची मुलाखत लहान मुलाला भिवविते, हे खरे. पण उपाय भेट बंद करणे हा नाही. महाराष्ट्रातील काही कारागृहांत अलीकडच्या वर्षांत ‘गळाभेट’ या नावाने लहान मुलांना आईबापांच्या कुशीत काही वेळ बसू देण्याचा उपक्रम झाला, तो या दृष्टीने फार समंजस म्हटला पाहिजे.

शिक्षकाला यात करण्याजोगे थोडेच आहे, पण ते नेमके आहे. वडिलांचा धंदा कोणता, हे भर वर्गात विचारू नये. मुलाखतीच्या दिवसाची गैरहजेरी उनाडकीत मोजू नये. पालकसभेला आजी आली, तर तिला पालकाचाच मान द्यावा. आणि प्रगतिपुस्तकाची एक नक्कल आजीच्या हाती ठेवावी, म्हणजे ती टपालाने आत धाडता येईल. तुरुंगात येणारे पत्र उघडून तपासले जाते. तपासून झाले, की ते ज्याचे त्याला मिळते.