पाळीची तारीख लिहून ठेवा

भोपाळमधलं जेपी नगर युनियन कार्बाइडच्या कारखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री टाकी क्रमांक ६१० मधून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि तो सगळ्यात आधी या वस्तीवर आला. नंतरचे कित्येक महिने डॉक्टर, अधिकारी आणि वार्ताहर इथल्या लोकांना दोन गोष्टी विचारत राहिले: डोळे कसे आहेत, दम लागतो का?

बायका आणखी एक सांगत होत्या. ‘महीना’ बिघडलाय. लवकर येतोय, दुखतंय, सफेद पानी जातंय. बाळंतिणी म्हणत होत्या, दूध आटलं. त्यासाठी कुणाच्या तक्त्यात रकाना नव्हता.

१९८५ च्या सुरुवातीला डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सदगोपाल या दोघींनी गॅसपीडित वस्त्यांत बायकांना तपासलं. राणीताई म्हणजे पुढे गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी करणाऱ्या. या बायकांमध्ये स्त्रीरोगांची साथच आली आहे, असा निष्कर्ष दोघींनी मांडला. त्याच मार्चमध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाने जेपी नगर आणि कारखान्यापासून दूर असलेलं अण्णा नगर यांची तुलना केली. मला ही तुलना फार मोलाची वाटते. कारण ‘गरीब बायकांना असले त्रास असतातच’ या उत्तराची सोय तिने काढून घेतली. गरिबी दोन्हीकडे होती, पाळीच्या तक्रारी जेपी नगरात अधिक होत्या.

तरीही सरकारी लेखी हा आजार दुय्यमच राहिला. वायूची बायकांनी मोजलेली किंमत किती मोठी होती ते गर्भारणींच्या आकड्यांत दिसतं. दुर्घटनेनंतर नऊ महिन्यांनी संशोधक दया वर्मा यांनी केलेल्या पाहणीत, कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ८६५ गर्भवतींपैकी सुमारे ४३ टक्के जणींच्या पोटी जिवंत मूल जन्मलं नाही.

पाळी बिघडण्याचं एक सहज सापडणारं कारण म्हणजे थायरॉइड. त्या बायकांमध्ये तेच होतं, असं मी म्हणत नाही. पण पाळी बिघडल्याचं बाई सांगते तेव्हा तिचं शरीर वर्दी देत असतं, हे भोपाळमध्ये कळायला हवं होतं. आणि आज, गॅसशी काडीचा संबंध नसलेल्या घरांतही, अशा वर्दीमागे थायरॉइड सापडण्याची शक्यता बरीच असते. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांचं थायरॉइड कमी भरलं. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना याचा पत्ताच नव्हता.

गळ्यातल्या ग्रंथीचा गर्भाशयाशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतं. ती लांबवतं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक. थायरॉइड कमी पडू लागलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस टीआरएच हे संप्रेरक जास्त सोडतो. त्या हुकमावर पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते आणि थायरॉइडला कामाला लावू पाहते. गोम अशी की हेच टीआरएच प्रोलॅक्टिनलाही चेतवतं. मग पदरी तान्हं मूल नसतानाही शरीर काही अंशी पाजणाऱ्या बाईसारखं वागू लागतं. बीजकोशाकडे जाणारे इशारे मंदावतात, स्त्रीबीज सुटत नाही. स्त्रीबीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचं अस्तर नुसत्या इस्ट्रोजेनवर वाढत राहतं आणि दीड-दोन महिन्यांनी एकदम ढासळतं. खूप जातं, गाठी पडतात. त्यात थायरॉइड फारच कमी असेल तर रक्त गोठवणारे काही घटकही कमी पडतात, मग रक्तस्राव लवकर आवरत नाही.

थायरॉइड वाढलं तर रक्तस्राव बहुधा उलट, म्हणजे कमी होतो. पाळी इथेही लांबते, पण जेमतेम जाते. सोबत छातीत धडधड, हाताला कंप, वजनात घट.

निदानाला लागतं थोडंसं रक्त आणि टीएसएचची तपासणी. उपचारही सोपा आहे, पण तो घराघरांत कसा फसतो ते बघा. थायरॉइडच्या गोळ्यांची छोटी बाटली चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असते, कारण सकाळी आठवण तिथेच होते. बाई गोळी तोंडात टाकते आणि वर लगेच दुधाचा चहा घेते. खूप जात असल्यामुळे हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, म्हणून लोहाची गोळीही चालू असते. ती वेगळी लक्षात राहत नाही, म्हणून दोन्ही एकदमच घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियम गोळीतल्या थायरॉक्सिनला आतड्यातच अडकवून ठेवतात, ते रक्तात नीट उतरत नाही. तीन महिन्यांनी तपासणीत टीएसएच तसंच, पाळीही तशीच. घरचे म्हणतात, गोळी लागू पडत नाही. गोळी चांगली असते, चुकलेली असते ती वेळ. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने. लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर. ज्या बाईला लोहाची सगळ्यात जास्त गरज, तिचंच औषध त्या लोहामुळे वाया जावं, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ही गोष्ट समजावून सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

गुण लगेच दिसत नाही. थायरॉक्सिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच आठवडा लागतो, म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. पाळी रुळावर यायला आणखी काही महिने लागू शकतात. बरं वाटलं म्हणून गोळी मनानेच सोडू नये. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं, कारण पहिल्या तीन महिन्यांत गर्भ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतो आणि मात्रा बहुधा वाढवावी लागते.

पाळी बिघडण्याची इतर कारणंही आहेत: पीसीओएस, गर्भाशयातल्या गाठी, झटक्यात घटलेलं वा वाढलेलं वजन, मनावरचा ताण. म्हणूनच थायरॉइड आहे की नाही ते आधी तपासून मोकळं व्हावं. प्रौढ बाईत दोन पाळ्यांमध्ये २४ ते ३८ दिवसांचं अंतर नेहमीचं मानतात. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत मुलींमध्ये ते ४५ दिवसांपर्यंतही जातं.

भोपाळमध्ये १९९६ पासून चालणाऱ्या संभावना ट्रस्टच्या दवाखान्यात गॅसपीडित बायकांच्या पाळीच्या तक्रारींवर उपचार होतात, औषधांबरोबर योग आणि आयुर्वेदही वापरला जातो. १९८५ मध्ये ज्या प्रश्नाला रकाना नव्हता, तो तिथे विचारला जातो.

तुमच्या घरातही तो विचारला जावा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाळीच्या पहिल्या दिवशी एक खूण करा, मुलीलाही करायला शिकवा. तीन महिने खुणा वेड्यावाकड्या पडल्या, तर ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि टीएसएच तपासायचं का, हे स्वतःहून विचारा.