डॉलरच्या खुणेपासून सुरू होणारी ओळ

शिडाच्या नौकेवरचा जीपीएस साधारण दर सेकंदाला एक ओळ सोडतो. सुरुवातीला डॉलरची खूण, मग ‘जीपीआरएमसी’ ही पाच अक्षरं आणि पुढे स्वल्पविरामांनी तोडलेले वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा, तारीख. शेवटी तारांकन आणि दोन अक्षरी तपासणी-खूण. ओळ वाटेत बिघडली का, हे ऐकणारं यंत्र तिच्यावरून ताडतं. अख्खी ओळ ८२ अक्षरांत बसवायची. ही शिस्त अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने १९८३ साली घालून दिली. तिचं नाव एनएमईए ०१८३. आज टॅबलेटच्या नकाशावर आपली नौका सरकताना दिसते, तेव्हाही आतून बहुधा हीच ओळ धावत असते.

वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे जेमतेम ४८० अक्षरं. एक यंत्र बोलणार, बाकीची ऐकणार. मोबाइलच्या जमान्यात हे हास्यास्पदच. तरी ०१८३ टिकली, आणि माझ्या मते त्याचं कारण म्हणजे ती माणसाला डोळ्यांनी वाचता येते. लॅपटॉपवर ओळी उघडल्या की कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे ते लगेच कळतं: एसडी म्हणजे खोली मोजणारा साउंडर, जीपी म्हणजे जीपीएस, जीआय म्हणजे ‘नाविक’ ही भारताची उपग्रह-प्रणाली.

वाचताना एक खोडा मात्र आहे. मुंबईजवळचा १८ अंश ५४ मिनिटं हा अक्षांश ओळीत १८५४.००० असा येतो. घरी अॅप लिहिणारा हौशी माणूस तो १८.५४ अंश समजतो. खरा आकडा १८.९०. एवढ्या फरकाने नौका नकाशावर सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेला जाऊन बसते.

पुढची पिढी एनएमईए २००० ही मोटारींसाठी बॉशने घडवलेल्या कॅन बसवर चालते: एकच मुख्य केबल, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक, वेग सेकंदाला अडीच लाख बिट. ती उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही. फोनला तर यातली कोणतीच वायर थेट जोडता येत नाही, म्हणून मध्ये गेटवे नावाची छोटी डबी लागते. ती वायरीवरचं ऐकून वाय-फायवर सोडते. अॅपमध्ये तिचा आयपी पत्ता आणि पोर्ट, बहुधा १०११०, भरला की झालं. नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो. त्यालाही मग नौकेची जागा कळते. आसपासची जहाजं दाखवणारा एआयएस ३८,४०० च्या वेगाने बोलतो. तो ४८०० च्या वायरीत कोंबला, तर गर्दीच्या बंदरात नेमक्या तिथेच ओळी गळतात.

या ओळींना कुलूप नाही. बोलणारा खरा कोण, हे विचारायची सोयच मूळ रचनेत नाही; म्हणून वाय-फायला पासवर्ड हवा आणि फोनवरून ऑटोपायलटला हुकूम देण्याची सोय शक्यतो बंद ठेवलेली बरी.

अलीकडे हौशी मंडळी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सिग्नल के नावाचा मुक्त सर्व्हर चालवतात. तो नौकेवरची सगळी माहिती वेबच्या जेसन साच्यात ओततो, ब्राउझरमध्ये हवी तशी दाखवतो. आणि त्यातच एक प्लगइन असतं, जे ती माहिती पुन्हा ०१८३ च्या ओळींत बदलून देतं, कारण नौकेवरच्या जुन्या ऑटोपायलटला दुसरं काही कळत नाही.